वाचले सारे, पण आठवेना : नर्सिंगच्या अभ्यासाची आणि परीक्षेची रीत

बारावी विज्ञान शाखेत चांगले गुण मिळवून नर्सिंगला प्रवेश घेतलेली मुलगी पहिल्याच सत्रात दोन विषयांत अनुत्तीर्ण होते, तेव्हा घरात साधारणपणे दोन तर्क केले जातात. पहिला, तिने अभ्यास केला नाही. दुसरा, हा अभ्यास तिला झेपणारा नाही. पहिल्या तर्कातून बोलणी निघतात आणि दुसऱ्यातून निर्णय निघतो : शिक्षण थांबवावे, दुकानाचे हिशोब तिच्याकडे द्यावेत, नाहीतर स्थळे पाहण्यास आरंभ करावा. वास्तविक तिची पुस्तके उघडून पाहिली तर पानापानांवर पिवळ्या-गुलाबी रंगाचे पट्टे ओढलेले दिसतात आणि परीक्षेच्या आधी रात्री एक वाजेपर्यंत तिच्या खोलीतील दिवा जळत होता, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणजे पहिला तर्क टिकत नाही. दुसरा तर्क खरा की खोटा, हे अजून कोणी तपासलेलेच नसते. कारण बारावीला उपयोगी पडलेली वाचनाची जी रीत येथे उपयोगी पडत नाही, ती बदलून पाहिल्याशिवाय तिची कुवत ठरवता येत नाही.

दुकानदारीच्या भाषेत सांगायचे तर गोदाम मालाने भरलेले आहे, परंतु गिऱ्हाईक समोर उभे असताना हवी ती वस्तू कोणत्या फडताळात आहे ते सापडत नाही. अशा वेळी आणखी माल भरणे हा उपाय नसतो. भरलेला माल मागताक्षणी बाहेर काढण्याचा सराव लागतो. नर्सिंगच्या बहुतेक अनुत्तीर्ण विद्यार्थिनींची, आणि विद्यार्थ्यांचीही, अडचण हीच असते.

हा विषय नाशिककरांना विशेष जवळचा आहे. दिंडोरी रोडवर म्हसरूळ येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी राज्यभरातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि परिचर्या महाविद्यालये संलग्न आहेत. बी.एस्सी. नर्सिंग या चार वर्षांच्या पदवीची परीक्षा हे विद्यापीठ घेते. जीएनएम या तीन वर्षांच्या पदविकेची परीक्षा राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे आहे. सिन्नर, निफाड, येवला, मनमाड, कळवण अशा गावांतून मुली या शिक्षणासाठी नाशिकला येतात, वसतिगृहात राहतात, आणि निकालाच्या दिवशी त्यांच्या घरचे फोन वाजू लागतात.

ही परीक्षा वेगळी का आहे

१९४७ च्या कायद्याने अस्तित्वात आलेली भारतीय परिचर्या परिषद देशभराचा अभ्यासक्रम ठरवते. २०२१ मध्ये या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगसाठी सत्रपद्धती लागू केली आणि चार वर्षांची आठ सत्रे झाली. पहिल्या सत्रातच शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी आणि परिचर्येची मूलतत्त्वे एकदम समोर येतात. तिसऱ्या सत्रात सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र आणि प्रौढ रुग्णांची परिचर्या यांची भर पडते. पूर्वी वर्षभरात सावरून घेण्यास अवकाश मिळत असे. सहा महिन्यांच्या सत्रात तो मिळत नाही. बहुतेक विषयांत लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे ५० टक्के गुण मिळवावे लागतात. एका बाजूची तूट दुसऱ्या बाजूच्या नफ्यातून भरून काढता येत नाही. शिवाय ८० टक्के उपस्थितीची अट असते, आणि दिवसाचा मोठा भाग रुग्णालयातील कामात उभ्याने जातो.

याहून मोठा फरक प्रश्नांच्या स्वरूपात आहे. बारावीत ‘व्याख्या लिहा’ असे विचारले जाते. येथे ‘या रुग्णासाठी प्रथम काय कराल?’ असे विचारले जाते. चारही पर्याय योग्य असतात. परंतु त्यांतील एकच पहिला असतो. जगभर या परीक्षा याच दिशेने सरकत आहेत. अमेरिकेत नोंदणीसाठी द्यावी लागणारी ‘एनक्लेक्स’ ही परीक्षा एप्रिल २०२३ पासून नव्या स्वरूपात घेतली जाते. तीत रुग्णाची हकीकत टप्प्याटप्प्याने उलगडत जाते आणि प्रत्येक टप्प्यावर परिचारिकेचा निर्णय विचारला जातो. असा निर्णय पाठांतरातून येत नाही, पण पाठ असलेल्या ज्ञानावाचूनही येत नाही. म्हणून आधी आठवण पक्की करावी आणि मग तिच्यावर विचार बसवावा, हा क्रम आवश्यक ठरतो.

रोजचा मेळ

आठवणीविषयी मानसशास्त्राने पुष्कळ काम करून ठेवले आहे. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेल्या गोष्टीचा बराचसा भाग पहिल्याच दिवशी विसरला जातो आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, हे त्यांतून दिसले. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग तर प्रत्येक विद्यार्थिनीने लक्षात ठेवावा असा आहे. एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न पाहता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने चित्र पालटले. वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, तर स्वतःची चाचणी घेणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. विशेष असे की, आपल्याला हे चांगले लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच अधिक होता. पुनर्वाचनाने विषय ओळखीचा वाटू लागतो आणि ओळख म्हणजेच ज्ञान असा भास होतो. परीक्षेच्या दालनात तो भास मोडतो, तेव्हा विद्यार्थिनी म्हणते, ‘वाचले होते, पण आठवले नाही.’ ती खोटे बोलत नसते.

२०१३ मध्ये जॉन डनलोस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा रीती पारखून पाहिल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांत विभागून करणे, या दोन रीती सर्वाधिक उपयुक्त ठरल्या. ओळींखाली रेघा ओढणे आणि पुनःपुन्हा वाचणे या रीती कमी उपयोगाच्या वर्गात गेल्या.

व्यापारी घरातील मुलीला यातून मिळणारा धडा नवा वाटू नये. गल्ला बंद करण्यापूर्वी रोजमेळ जुळवला जातो. तो महिनाअखेरीवर टाकला जात नाही. तसेच अभ्यासाचे करावे. रोज संध्याकाळी पुस्तक मिटून कोरा कागद घ्यावा आणि त्या दिवशी वर्गात किंवा वॉर्डात जे शिकवले गेले ते वीस मिनिटे आठवून लिहावे. हृदयाचे चार कप्पे, रक्ताचा मार्ग, झडपांची नावे, असे आकृतीसह लिहावे. नंतर पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे लाल शाईने भरावेत. लाल शाई जेथे अधिक, तेथे अभ्यास अपुरा. तोच कागद दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा न पाहता लिहून पाहावा. प्रत्येक वेळी लाल शाई कमी होत जाते आणि वेळही कमी लागतो. हे काम वाचनापेक्षा कष्टाचे वाटते, आणि पहिल्या आठवड्यात मन निराश होते. तो कष्टच उपयोगी असतो, हे विद्यार्थिनीने आणि तिच्या घरच्यांनी आधीच समजून घ्यावे.

वॉर्डातील ड्यूटीचाही असाच उपयोग करून घेता येतो. मधुमेहाचा रुग्ण पाहिला त्या दिवशी मधुमेहाचेच पान वाचावे. पुस्तकातील लक्षणांना त्या खाटेवरील माणसाचा चेहरा मिळाला की ती लक्षणे सहजी विसरली जात नाहीत. मात्र रुग्णाचे नाव वहीत लिहू नये आणि घरीही सांगू नये. गोपनीयता हाही परिचर्येचाच एक धडा आहे.

इंग्रजीची भिंत आणि तिच्यातील दार

मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला विषयाइतकीच भाषा अडवते. पाठ्यपुस्तके इंग्रजी, उत्तरे इंग्रजीत. अशा वेळी संपूर्ण वाक्ये घोकली जातात आणि प्रश्नातील एक शब्द बदलला की सारे कोसळते. वैद्यकीय इंग्रजीचा एक लाभ मात्र आहे : तिचे शब्द तुकड्यांनी बनतात. ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘एक्टमी’ म्हणजे शस्त्रक्रियेने काढून टाकणे, ‘टॅकी’ म्हणजे जलद, ‘ब्रॅडी’ म्हणजे मंद, ‘हायपर’ म्हणजे अधिक, ‘हायपो’ म्हणजे कमी, ‘नेफ्रो’ म्हणजे मूत्रपिंडाचे, ‘हेपॅटो’ म्हणजे यकृताचे. असे रोज पाच तुकडे शिकले तर महिन्याभरात दीडशे होतात, आणि न पाहिलेला शब्दही उकलता येऊ लागतो. ‘नेफ्रायटिस’ आणि ‘नेफ्रेक्टमी’ हे दोन शब्द मग पाठ करावे लागत नाहीत, ते समजतात.

विषय आधी मराठीत समजून घ्यावा, यात कमीपणा नाही. ‘असे का होते?’ हा प्रश्न मातृभाषेतच स्वतःला विचारावा. त्यानंतर तेच उत्तर लहान, साध्या इंग्रजी वाक्यांत लिहिण्याचा सराव करावा. परीक्षकाला अलंकारिक इंग्रजीची अपेक्षा नसते. मुद्दा अचूक आणि क्रमाने आला म्हणजे पुरते.

जेथे निम्मे गुण पुरत नाहीत

औषधाच्या मात्रेचे गणित हा या अभ्यासक्रमातील असा भाग आहे की, जेथे अनेक मुली घाबरतात आणि जेथे व्यापारी घरातील मुलीने घाबरण्याचे काहीच कारण नाही. ते शुद्ध त्रैराशिक आहे. एखाद्या इंजेक्शनच्या कुपीत २ मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम औषध आहे आणि डॉक्टरांनी ६० मिलिग्रॅम सांगितले आहे, तर किती घ्यायचे? साठ गुणिले दोन, भागिले ऐंशी. म्हणजे दीड मिलिलिटर. सलाइनच्या थेंबांचेही तसेच. ५०० मिलिलिटर सलाइन ८ तासांत द्यायचे आहे आणि संचातून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात. एकूण थेंब १०,००० आणि एकूण मिनिटे ४८०. म्हणजे मिनिटाला सुमारे २१ थेंब. उत्तर काढण्याआधी अंदाज करावा, ही दुकानातली सवय येथेही पाळावी. आकडेमोडीतून मिनिटाला २१० थेंब असे उत्तर आले तर अनुभवी दुकानदार जसा बिलावरील चुकलेले शून्य पाहताच थांबतो, तसे थांबता आले पाहिजे.

हे गणित केवळ गुणांसाठी नाही. भारतात इन्सुलिन दोन तीव्रतांमध्ये मिळते : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. १०० युनिटच्या कुपीतील इन्सुलिन चुकून ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या शरीरात २० नव्हे, ५० युनिट जातात. अशी अडीचपट मात्रा रुग्णाची साखर जिवावर बेतेल इतकी खाली आणू शकते. विद्यापीठाच्या परीक्षेत ५० टक्के गुणांनी उत्तीर्ण होता येते. सिरिंज हातात असताना ५० टक्के अचूकता चालत नाही. म्हणून मात्रेची गणिते रोज पाच सोडवावीत, आणि प्रत्येक गणितात एकक लिहावे. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटींचा फरक आहे, आणि तो एका अक्षरात लपलेला असतो.

प्रश्नपत्रिका समोर आल्यावर

परीक्षेच्या दालनातील वेळेचा हिशोब आधीच घरी करून ठेवावा. ७५ गुणांची प्रश्नपत्रिका तीन तासांची असते. म्हणजे १८० मिनिटे. एका गुणाला २.४ मिनिटे येतात. दहा गुणांच्या उत्तराला २४ मिनिटे, पाच गुणांच्या उत्तराला १२ मिनिटे, दोन गुणांच्या उत्तराला पाच मिनिटांहून थोडी कमी. प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी थोडी बचत करून शेवटची दहा मिनिटे तपासणीसाठी राखावीत. येत असलेल्या एका प्रश्नावर पाऊण तास खर्च करणारी आणि शेवटचे दोन प्रश्न कोरे सोडणारी विद्यार्थिनी ज्ञानाने नव्हे, वाटपाने हरते.

दीर्घोत्तरी प्रश्नाला हात घालण्यापूर्वी दोन मिनिटांत कच्चा आराखडा मांडावा : व्याख्या, कारणे, शरीरात घडणारे बदल, लक्षणे, तपासण्या, उपचार आणि परिचर्या. शेवटच्या मुद्द्याला सर्वाधिक जागा द्यावी, कारण प्रश्नपत्रिका नर्सिंगची आहे. पुष्कळ मुली रोगाचे वर्णन डॉक्टरच्या पुस्तकासारखे लिहितात आणि परिचारिकेने काय करायचे ते दोन ओळींत आटोपतात. परिचर्या प्रक्रियेचे पाच टप्पे, म्हणजे रुग्णाची पाहणी, परिचर्या निदान, नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन, यांचा तक्ता आखून लिहिलेले उत्तर परीक्षकाला एका नजरेत कळते.

बहुपर्यायी प्रश्नांत पर्याय झाकून आधी प्रश्न वाचावा आणि ‘प्रथम’, ‘सर्वांत महत्त्वाचे’, ‘वगळता’ या शब्दांखाली रेघ ओढावी. एक नमुना पाहण्यासारखा आहे. रुग्णाला रक्त चढवण्यास सुरुवात होऊन दहा मिनिटे झाली आहेत. त्याला हुडहुडी भरली आहे आणि पाठीत दुखू लागले आहे. परिचारिकेने प्रथम काय करावे? पर्याय असे : डॉक्टरांना कळवणे, ताप मोजणे, रक्त थांबवणे, पांघरूण देणे. चारही कृती योग्य आहेत. ‘कृतीपूर्वी पाहणी’ हा नियम पाठ केलेली मुलगी ताप मोजण्याचा पर्याय निवडते आणि चुकते. कारण येथे पाहणी झालेली आहे; हुडहुडी आणि पाठदुखी हीच ती पाहणी. अपाय करणारी गोष्ट रुग्णाच्या शरीरात प्रत्येक क्षणी जात आहे. म्हणून प्रथम रक्त थांबवायचे, नव्या नळीने सलाइन देऊन शीर चालू ठेवायची आणि लगेच डॉक्टरांना कळवायचे. या विचारातून तीन प्रश्नांचा क्रम मिळतो : चालू असलेला अपाय आहे का, असल्यास तो थांबवावा, श्वासमार्ग, श्वास किंवा रक्ताभिसरण धोक्यात आहे का, असल्यास ते आधी, दोन्ही नसेल आणि माहिती अपुरी असेल, तर पाहणी आधी.

उत्तर बदलावे की नाही, याविषयी ‘पहिले उत्तर तेच खरे’ अशी समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्ष अभ्यासांत असे दिसले आहे की, बदललेली उत्तरे चुकीकडून बरोबरकडे अधिक वेळा जातात. तेव्हा बदलण्यास कारण सापडले असेल तर निःशंक बदलावे. केवळ भीतीने बदलू नये.

अंदाजाने उत्तर द्यावे का, हा प्रश्न व्यवहाराचा आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसतील तर एकही प्रश्न कोरा ठेवू नये. पुढे सरकारी रुग्णालयांतील भरतीसाठी एम्समार्फत घेतल्या जाणाऱ्या ‘नॉरसेट’ परीक्षेत मात्र चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापला जातो. चार पर्यायांत डोळे मिटून निवड केली, तर सरासरीने एक उत्तर बरोबर आणि तीन चूक : एक गुण आला, एक गुण गेला, म्हणजे ना नफा ना तोटा. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर तोच सौदा फायद्याचा होतो. एकही पर्याय बाद करता येत नसेल, तर त्या प्रश्नावर वेळ घालवू नये.

प्रात्यक्षिक परीक्षेत हात थरथरतात आणि ठाऊक असलेली पायरी वगळली जाते. त्याला उपाय म्हणजे प्रत्येक पायरी मोठ्याने उच्चारत सराव करणे : हात धुणे, रुग्णाची ओळख पटवणे, काय करणार ते त्याला सांगणे, पडदा ओढणे, साहित्य मांडणे, कृती, नोंद. घरी उशी रुग्ण होऊ शकते, आणि रक्तदाब मोजण्यासाठी आजोबांचा दंड उपलब्ध असतो. निश्चित वेळेत एकेक कृती करून दाखवावी लागणाऱ्या परीक्षेसाठी मोबाइलवरील घड्याळ लावून सराव करावा.

चुकांची खतावणी

अनुत्तीर्ण झाल्यावर तेच पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेणे, ही नेहमीची आणि सर्वांत महागडी चूक आहे. तोटा झालेला व्यापारी सारा धंदा नव्याने मांडत नाही. तोटा कोणत्या खात्यात आहे ते आधी शोधतो. सराव परीक्षेतील प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाची नोंद वहीत करावी आणि समोर कारण लिहावे. कारणे पाचच असतात : माहितीच नव्हती, माहिती होती पण आठवली नाही, प्रश्न नीट वाचला नाही, इंग्रजी शब्द कळला नाही, गणित किंवा वेळ चुकला. दहा दिवसांनी बेरीज करावी.

बेरीज बहुधा चकित करते. ‘मला औषधशास्त्र येत नाही’ असे म्हणणाऱ्या मुलीच्या वहीत निम्म्या चुका प्रश्न घाईने वाचल्याच्या निघू शकतात. प्रत्येक खात्याचा उपाय निराळा आहे. माहिती नसेल तर वाचन, आठवत नसेल तर कोऱ्या कागदाचा सराव, वाचण्यात घाई होत असेल तर शब्दांखाली रेघा, शब्द कळत नसेल तर तुकड्यांचा अभ्यास, वेळ चुकत असेल तर घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका. ही वही घेऊन शिक्षिकेकडे गेले तर त्यांनाही नेमके मार्गदर्शन करता येते. ‘मॅडम, मला काहीच येत नाही’ या वाक्यावर कोणीही फारसे साहाय्य करू शकत नाही.

घराचा वाटा

घरच्यांना नर्सिंग येत नाही, म्हणून ते काही करू शकत नाहीत, असे नाही. वडिलांनी पुस्तक हाती धरून केवळ प्रश्न विचारावेत आणि उत्तर ऐकून एकच गोष्ट म्हणावी : ‘असे का?’ शास्त्र न कळणाऱ्या माणसाच्या या प्रश्नाने अर्धवट समजलेले लगेच उघडे पडते. आजीला मधुमेहात पायांची काळजी का घ्यायची ते मराठीत समजावून सांगणे, हा तर अभ्यासक्रमातील आरोग्यशिक्षणाचाच सराव आहे. आजीला पटले तर रुग्णाला पटेल.

वेळेच्या बाबतीत कुटुंबाला काही सोडावे लागते. परीक्षेच्या आधीच्या तीन आठवड्यांत लग्नकार्य, पाहुणे आणि दुकानातील गर्दी यांसाठी तिला बोलावू नये. रात्रीची ड्यूटी करून आलेल्या मुलीला दिवसा झोपू द्यावे. शिकलेले पक्के होण्यास झोप लागते आणि ती आळसाची खूण नाही. चुलत बहिणीच्या वाणिज्य शाखेतील गुणांशी तुलना करू नये. ‘शेवटी दुसऱ्यांची शुश्रूषाच करायची आहे ना’ हे वाक्यही घरात उच्चारले जाऊ नये. ज्या दिवशी घरातील कोणी अतिदक्षता विभागात असते, त्या रात्री त्याच्या उशाशी कोण जागे असते, हे आठवून पाहावे.

काही वेळा प्रश्न अभ्यासाच्या पलीकडे गेलेला असतो. मुलगी जेवत नसेल, दिवसेंदिवस झोपत नसेल, सर्वांपासून दूर राहत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर ते नाटक समजू नये आणि निकालाची वाटही पाहू नये. डॉक्टरांना दाखवावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

निकाल हाती आल्यावर घरात विचारण्याचे प्रश्न चार आहेत. कोणत्या विषयात, आणि लेखीत की प्रात्यक्षिकात? चुकांच्या वहीत कोणते खाते सर्वांत मोठे आहे? पुढील परीक्षेला किती आठवडे आहेत आणि रोज कोणते दोन तास तिचे स्वतःचे राहतील? घरातील कोण रोज संध्याकाळी वीस मिनिटे तिचे ऐकणार? या चारांची उत्तरे कागदावर लिहून एक संपूर्ण सत्र बदललेल्या रीतीने अभ्यास करून पाहावा. शिक्षण थांबवावे की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. आणि तो विचारण्याचा पहिला अधिकार मुलीचा आहे.